तीन काट्यांचे काका

श्रीवर्धनला मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आडनाव विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही, मासे खाते का तेही विचारलं नाही. ओटीवरून माझ्या बॅगेकडे बोट करून म्हणाले, "त्यात लॅपटॉप आहे ना? किती तापतो?"

"तापतो आपला. सगळ्यांचे तापतात तसा."

"सगळ्यांचे म्हणजे किती?"

आता काय सांगणार, कपाळ! मी तिथल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला आले होते, आणि माझ्याच मशीनचं तापमान मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात आतून काकू आल्या. "अहो, तिला आधी पाणी तरी द्या." काकांनी तांब्या उचलला, त्याला बोटांची मागची बाजू लावून बघितली, आणि मग माझ्या हातात दिला. "गार आहे. प्या." मागच्या दोन खोल्या मला मिळाल्या, पण मला वाटतं त्या काकूंमुळे मिळाल्या. काकांच्या परीक्षेत मी नापासच झाले होते.

हात उलटा लावायचा, हे त्यांचं पहिलं तत्त्व. "तळहात काम करून करून निबर होतो, तो खोटं सांगतो. मागची कातडी खरं बोलते." चहाचा कप, आंघोळीची बादली, दुधाचं पातेलं, सगळ्याला हा उलटा हात लागायचा. आंब्याची अढी घातली की रोज सकाळी गवतात हात खुपसून डोळे मिटून उभे राहायचे. एकदा दारात उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या गाडीच्या बॉनेटला हात लावून त्यांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, "घाट भरधाव चढलात. पुन्हा असं करू नका." पाहुणे मुलगी बघायला शेजारच्या घरी आले होते, काकांकडे नव्हेच.

ह्या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. बंदराजवळ बर्फाचा कारखाना होता, मासेमारीच्या होड्यांना बर्फाच्या लाद्या पुरवणारा. काका तिथले इनचार्ज, उभा जन्म तिथंच गेला. मिठाच्या पाण्याच्या टाकीचं तापमान दाखवायला त्यांनी मालकाच्या मागे लागून एकाच जागी तीन काटे बसवून घेतले होते. "एक काटा असला की तो बोलेल ते खरं मानावं लागतं. दोन असले की नुसतं भांडण. तिसरा लागतोच गो, निवाड्याला." गावात त्यांना तीन काट्यांचे काका म्हणायचे, तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं.

बंदरावर एक नाखवा होता, दोन होड्यांचा मालक, काकांच्या वयाचा. तो मला एकदा म्हणाला, "त्यांच्या हातून कायतरी झालं आसंल. गॅस सुटला आसंल, मानूस गेला आसंल. उगाच का कोन असा व्हतो?" मला ते पटलं. माणूस असा विचित्र वागतो म्हणजे मागे काहीतरी घडलेलं असणार. मी एके दिवशी काकांना विचारलंच. मी मेले असते तर बरं असं वाटावं, इतके भडकले.

"काही झालं नाही! मी असेपर्यंत तिथं काही म्हणजे काही झालं नाही. आणि झालं नाही म्हणूनच मला कोणी विचारत नाही. स्फोट झाला असता तर पेपरात फोटो आला असता माझा!"

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंनी मला सांगितलं की मालकानं एकदा तपासणीच्या वेळी आकडे जरा बरे लिहायला सांगितले होते, तर काकांनी पेन खिशात घातलं आणि घरी निघून आले. बढती गेली ती गेली. काकू हे सांगताना वैतागल्या होत्या की अभिमानानं फुगल्या होत्या, ते मला ठरवता आलं नाही.

काकांची सुपारीची वाडी होती, घराच्या मागे लागूनच. मी यायच्या काही वर्षं आधी वादळात ती आडवी झाली. पोफळी मोडून एकमेकींवर पडल्या होत्या, घरातून समुद्र दिसायला लागला होता, असं काकू सांगायच्या. लोकांनी जमिनी विकल्या, कोणी रिसॉर्टवाल्यांना भाड्यानं दिल्या. काकांनी सत्तरी उलटल्यावर नवी रोपं लावली. मुलगा बंगळुरूला, कॉम्प्युटरच्याच कामात. त्याचं म्हणणं, वाडी विका आणि दोघं माझ्याकडे या. एकदा फोनवर बोलता बोलता तो बोलून गेला, "बाबा, ह्या रोपांना सुपारी लागेपर्यंत तुम्ही असाल का?"

काकांनी फोन ठेवला. पुढे एक वर्ष बापलेक एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. मुलगा आईला दुपारी फोन करायचा, काका वाडीत असताना. बापाचं नाव दोघंही घेत नसत.

"ते वर्ष कसं काढलं ते माझं मला ठाऊक," काकू मला एकदा चुलीशी बसून म्हणाल्या. "पुन्हा तसं झालं तर मी नाही गो राहायची. खरंच सांगत्ये."

मग मुलानंच माघार घेतली. एक मोठा कॉम्प्युटर कुरिअरनं पाठवला. काकूंच्या डोळ्यांना फोनवरचा चेहरा नीट दिसत नसे, म्हणून मोठा पडदा. दर रविवारी सकाळी त्यावर मुलगा दिसायचा. काका आणि काकू शेजारी शेजारी खुर्च्या टाकून, फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसायचे. मी राहायला गेले तेव्हा हे नुकतंच सुरू झालं होतं, आणि घरात सगळे त्या रविवारला जपत होते.

समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेचं भय फार. फ्रिजला कपडा, मिक्सरला कपडा, शिलाई मशीनला तर दोन. काकूंनी कॉम्प्युटरच्या खोक्यालाही जुन्या गोधडीचं झबलं शिवलं होतं, चारी बाजूंनी बंद, आणि तो चालू असतानाही ते अंगात असायचं. उघडा ठेवला तर गंजेल ना! मे महिन्यातल्या एका रविवारी मुलानं पुन्हा वाडीचा विषय काढला, काकांचा आवाज चढला, त्याचाही चढला, आणि ऐन भांडणात पडदा काळा झाला. मशीन तापून आपोआप बंद पडलं होतं. काकांनी झबल्यात उलटा हात घातला आणि ओरडले, "अगो, भाजतोय हा!"

मला बोलावणं आलं. मी झबलं काढलं, पंख्यात अडकलेला गोधडीचा कापूस ओढून काढला. काकू बाजूला उभ्या होत्या. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या काकांकडे बघत होत्या. काका मशीनच्या काळजीत भांडण विसरून गेले होते. थोड्या वेळानं मुलाचा फोन आला तर तोही मशीनचंच विचारत होता. दोघं एकमेकांशी छान बोलले.

"आता ह्याचा काटा कुठाय?" काकांनी मला विचारलं.

मी प्रोसेसरचं तापमान दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम टाकून दिला. माझी चूक. कारण काका लगेच म्हणाले, "दुसरा?" आणि दुसरा टाकल्यावर काय म्हणाले ते सांगायला नकोच.

पुढचे कित्येक दिवस मी कॉलेजातून आले की चहाच्या आधी हाक यायची, "मास्तरीणबाई, या, साक्षी घेऊ." आम्ही ते प्रोग्राम लावायचो, मशीनला मुद्दाम जड काम द्यायचो आणि कोण काय बोलतो ते बघायचो. काकांनी सगळ्यांना नावं ठेवली. एक होता तो पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी नुसता एक आकडा दाखवायचा. तो शिपाई. दुसरा प्रोसेसरच्या एकेका भागाचं तापमान वेगळं दाखवायचा, आत्ताचं, कमीत कमी, जास्तीत जास्त, शिवाय पंख्याचा वेग आणि विजेचा दाब. तो वकील. "विचारलं एक की सांगतो पन्नास." तिसरा मात्र त्यांना मनापासून आवडला. तो किती तापलंय ह्याबरोबर बंद पडायच्या हद्दीपासून किती अंश लांब आहे तेही सांगायचा. "हा डॉक्टर. ताप किती ते मला नको रे बाबा, जायला किती उरलंय तेवढं बोल." आणखी एक होता, त्यात रंगीत चक्र गरगर फिरायचं, त्याला तमासगीर म्हणून पहिल्याच दिवशी काढून टाकलं. एक फक्त सरासरी दाखवायचा. तोही गेला. "सरासरी सांगणारा माणूस काहीतरी लपवतो," हे त्यांनी मला बोट नाचवून सांगितलं, आणि तेव्हापासून वर्गाची सरासरी सांगताना मला उगीचच अपराधी वाटतं.

तिघांत एखाद्या अंशाचा फरक पडला की ते खूश. एकदा मीच त्यांच्या आनंदात माती कालवली. म्हटलं, "काका, हे तिघंही प्रोसेसरच्या आतल्या एकाच सेन्सरला विचारतात. काटे तीन नाहीत, एकच आहे."

"म्हणजे साक्षीदार एक आणि वकील तीन?"

"तसंच."

त्यांनी चहा अर्धा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना मागच्या दारी आले. "तरी चालेल. एकाच माणसाला तिघांनी विचारलं तर एखाद्याला तो वेगळं सांगतो." आणि चालू पडले.

एवढं करूनही मशीन बंद पडायचं थांबेना. झबलं गेलं, पंखा साफ झाला, पण दर एक-दोन रविवारी पडदा काळा. मी कॉलेजात विचार करकरून दमले. आतला वीजपुरवठ्याचा खोका बदलावा का, मदरबोर्डच गेला का? एक दिवस काका मला वाडीत घेऊन गेले. रोपांना पाणी चाललं होतं. पाण्याकडे बघतच म्हणाले, "काल त्याचा फोन आला होता. म्हणतो, बाबा, वाडीचं नाव काढलं की मशीन तापतं, ते बरं? बोलायचं नसेल तर तसं सांगा, बटण कशाला दाबता? म्हणतो, तापत असेल तर आकड्याचा फोटो पाठवा. नाहीतर पुढच्या खेपेला असं झालं की मी फोन करायचा बंद करीन."

"काकूंना ठाऊक आहे?"

"तिला सांगू नकोस. झोपायची नाही ती."

त्या रविवारी मी मुद्दाम त्यांच्यामागे जाऊन बसले. शिपाई, वकील आणि डॉक्टर तिघंही पडद्याच्या कडेला मांडलेले. मुलगा बंगळुरूच्या पावसाचं बोलला, काकूंनी लोणच्याचं विचारलं. मग तो म्हणाला, "बाबा, त्या जमिनीचं मी एकाशी बोललो होतो..." काकांची मान ताठ झाली. मी आकड्यांकडे बघितलं. तिघंही पन्नाशीच्या आसपास, एका अंशाच्या फरकानं. पंखा निवांत. आणि पडदा काळा झाला.

मी वायर बघायला खाली वाकले. टेबलाखाली विजेचा बोर्ड होता आणि त्याच्या बटणावर काकूंचा अंगठा होता. पायाचा. जोडवं बोर्डाच्या कडेला टेकलेलं. काकूंनी पाय हळूच मागे घेतला आणि वर तोंडानं म्हणाल्या, "पुन्हा तापला वाटतं गो मेला."

मी वायर झटकल्यासारखं केलं आणि उठले. काका माझ्यामागून ओटीवर आले.

"काय म्हणतात साक्षीदार?"

"तिघंही एकच म्हणतात. तापलेला नाही."

"आणि टेबलाखाली?"

मी वळून दाराकडे बघितलं. काकू आतच होत्या.

"मला दुसऱ्या खेपेलाच दिसलं होतं," ते म्हणाले.

"मग काकूंना सांगा ना! नाहीतर मुलाला सांगा. एक सांगितलं की मिटलं."

"काय सांगू? ही आमच्या दोघांच्या भांडणात कधी मधे पडली नाही. एवढ्या वर्षांत एकदा नाही. आता पायानं बोलत्ये तर बोलू दे तिला. मी सांगितलं की ती लाजेल, आणि मग पुढच्या भांडणात तिच्यापाशी काय उरलं?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "जास्त दाखवणारा एखादा प्रोग्राम असेल की गो. बघ ना."

मला खरंच राग आला. एवढे दिवस माझं डोकं खाल्लं, अंशाअंशाला भांडले, आणि आता हे? "काका, खोटा आकडा दाखवणारा प्रोग्राम मी शोधणार नाही. तुम्ही तरी असं कसं म्हणता?" मी तणतणत खोलीत गेले. ते तिथंच उभे होते.

त्या आठवड्यात हाक आली नाही. भिंतीपलीकडून कीबोर्डची बटणं एकेक दाबल्याचा आवाज यायचा. शुक्रवारी मला बोलावलं. पडद्यावर कुठलातरी जुनाट प्रोग्राम होता, मदरबोर्डवरच्या झाडून सगळ्या सेन्सरांची यादी दाखवणारा. वर प्रोसेसर, अठ्ठेचाळीस. खाली एका ओळीत ठसठशीत लाल आकडा, एकशे सत्तावीस.

"हा बघ," काका म्हणाले.

"काका, त्या जागेला सेन्सर जोडलेलाच नसतो. रिकाम्या जागेचा आकडा आहे तो. काहीही दाखवतो."

"ठाऊक आहे. एकशे सत्तावीस असतं तर प्लॅस्टिक वाकलं असतं, घरभर वास सुटला असता. मी बर्फात जन्म काढला म्हणून काय आग ओळखणार नाही?" त्यांनी खोक्याला उलटा हात लावला, उगाच, सवयीनं. मग फोन काढून त्या एका ओळीचा फोटो काढला. तो हलला. दुसरा काढला. मुलाला पाठवला.

"गेला?"

"गेला," मी म्हटलं.

ते उठून वाडीत निघून गेले आणि दुपारी जेवायला आले नाहीत. काकूंनी दोनदा हाका मारल्या. मी ताटावर बसले होते. त्या माणसावर रागावले होते त्याची मला लाज वाटली.

संध्याकाळी उत्तर आलं. काकांनी मला ते वाचून दाखवलं, मग पुन्हा एकदा वाचलं. "बाबा, फारच तापलाय. अजिबात चालू करू नका. मी येतो बघायला."

"येतोय," काका म्हणाले. आणि मग एकदम चिडले. "पण ह्याला कळलं कसं नाही? एवढं शिकला, कॉम्प्युटरात नोकरी करतो, आणि रिकामा काटा ओळखता येत नाही गाढवाला?"

मुलगा आला. माणगावला रेल्वेतून उतरून एसटीनं आला, चार दिवसांची रजा काढून. काकूंनी घावन आणि घाटलं केलं होतं. त्यानं कॉम्प्युटरकडे ढुंकून बघितलं नाही. जेवून बापलेक वाडीत गेले आणि थोड्याच वेळात तिथून आवाज यायला लागले. आधी काकांचा, मग त्याचा, मग दोघांचा एकदम. रोपं, वय, जमीन, दवाखाना, सगळं निघालं. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. काकू मागच्या पायरीवर पदराचा बोळा करून उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले.

"वाडीत कुठलं बटण दाबू गो?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरून उभी राहिले. भांडण बराच वेळ चाललं आणि मग आवाज बंद झाले. काकूंचा हात गार पडला होता. शेवटी दोघं आले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून. वाऱ्यानं कललेल्या रोपांना काठ्यांचा आधार देत बसले होते म्हणे. ठरलं काहीच नव्हतं. "आई, चहा टाक," मुलगा म्हणाला. "मला कमी साखरेचा," काका म्हणाले. काकू आत गेल्या आणि चुलीशी बसून मनसोक्त रडल्या.

तो परत निघाला त्या सकाळी माझंही कॉलेज होतं, म्हणून आम्ही एसटी स्टँडपर्यंत बरोबर चालत गेलो. बाजारपेठ नुकती उघडत होती. स्टँडवर पोचल्यावर तो म्हणाला, "तुम्ही कॉम्प्युटर शिकवता. तो एकशे सत्तावीसचा आकडा तुम्ही बघितला होतात?"

"बघितला होता."

"मग तुम्हाला कळलं असेलच."

"तुम्हाला कळलं होतं?" मी विचारलं.

"बघताक्षणी. कामावर रोज बघतो असले आकडे. बटण कोण दाबत होतं ते मला माहीत नाही, आणि आता विचारायचंही नाही." त्यानं बॅग खाली ठेवली. "शाळेत असताना एकदा परीक्षा चुकवायला मी थर्मामीटर चहात बुडवून बाबांना दाखवला होता. परीक्षेबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. पण आकडा खोटा दाखवला म्हणून महिनाभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही त्यांनी. असा माणूस तो. त्यानं मला खोटा आकडा पाठवला, मी बोलणं तोडू नये म्हणून. मी तिथं ऑफिसात बसलो होतो. रजा मागायला साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो, आणि मला बोलताच येईना हो."